सुभेदारसाहेबांच्या पिकअपच्या काचा



आपल्याकडे गणपती उठले, दसरा आला की छत्र्या माळ्यावर जातात. चेन्नईत लोक नेमक्या तेव्हा त्या खाली काढतात. इथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्येकडून येणारा. वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून जास्त या तीन महिन्यांत पडतो, आणि समुद्रात एखादं वादळ उठलं तर तीन महिन्यांचा तीन दिवसांतही पडतो. डिसेंबर २०१५ चा पूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळ आलं, तेव्हाही शहरातल्या गल्ल्यांतून होड्या चालल्या. दोन्ही वेळा वेळाचेरीचं नाव पहिल्या पाचांत होतं. पळ्ळिकरणैच्या दलदलीला लागून असलेला हा सखल भाग. पाण्याची जागा माणसांनी घेतली, पाणी ती अधूनमधून परत मागायला येतं.

या वेळाचेरीत आमचे सुभेदारसाहेब राहतात. माझ्या पहिल्या पोस्टिंगला ते माझे उस्ताद होते. वर्दीत असताना मला "ए मराठा" म्हणून हाक मारायचे, रिटायर झाल्यावर "तंबी" म्हणायला लागले. माझी पोस्टिंग चेन्नईला आल्याचं कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न तब्येतीचा नव्हता. "तंबी, मल्टिमीटर है ना तेरे पास?"

त्यांच्याकडे २०१० सालची डबल कॅब पिकअप आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे झालं त्यात कंपनीचा दोष नाही. खारं वारं आणि वय, एवढंच. मागच्या हौद्यात ते कधी मंडप-केटरिंगची भांडी नेतात, कधी पाण्याचे पंप. पण मंगळवार, गुरुवार, शनिवार ही गाडी कोणाला मिळत नाही. त्या दिवशी अम्मांचं, म्हणजे साहेबांच्या पत्नीचं, डायलिसिस असतं. पाऊस साचला की लहान गाड्या वेळाचेरीतून बाहेर पडत नाहीत, ही उंच पिकअप पडते. डायलिसिस पाऊस थांबेपर्यंत थांबत नाही.

गाडीचा एसी कधीच गेलेला. डायलिसिसवरून परतताना अम्मांना मळमळतं, त्यांना तोंडावर वारा लागतो. त्या पुढे डावीकडे बसतात आणि नेमकी तीच काच बंद अवस्थेत मेलेली. ड्रायव्हरची काच खाली जायची, पण वर येताना हाताने ओढावी लागायची. मागची डावी काच दारात पडली होती, ती लाकडी पाचर ठोकून उभी केलेली. मागची उजवी मात्र झकास चालायची. तिच्याशेजारी कोणी बसतच नाही.

एका गॅरेजवाल्याने चारही मोटरी, चारही मशीन आणि मेन स्विच बदलायला सांगितलं होतं. चालणारी चौथी काच त्या यादीत का होती, हे मला अजून समजलेलं नाही. आकडा ऐकून साहेबांनी पाचर आणखी घट्ट ठोकली.

पॉवर विंडो म्हणजे मोठं काही नाही. दारात बारा व्होल्टची छोटी डीसी मोटर. तिला एका बाजूने प्लस, दुसऱ्या बाजूने मायनस दिलं की काच वर, उलट दिलं की खाली. मोटर फिरते, ती मशीनची केबल किंवा कात्रीसारखे हात ओढते, आणि काच रबराच्या खाचेतून सरकते. बिघाड तीनच जागी होऊ शकतो: वीज पोचत नाही, मोटर-मशीन गेली, किंवा काच खाचेत अडकते. लोक पहिल्या दिवशी मोटर बदलतात, कारण मोटर हातात धरून दाखवता येते. दोन व्होल्ट कुठे गळाले ते हातात धरता येत नाही.

मीटर काढण्याआधी एक फुकटची परीक्षा आहे. इंजिन बंद ठेवा, चावी ऑन करा, केबिनचा दिवा लावा आणि काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटर वीज खेचते आहे, म्हणजे पुढे काहीतरी अडकलंय. दिवा तसाच राहिला तर वीज मोटरपर्यंत पोचतच नाही. बटण दाबून ठेवून दारावर एक बुक्की मारल्यावर काच हलली, तर मोटरचे कार्बन झिजलेत. एमटी पार्कमध्ये वर्षं काढलेल्यांना हे नवीन नाही, पण साहेबांचे शेजारी मात्र मी जादू करतोय अशा नजरेने बघत होते.

अम्मांच्या बाजूला दिवा मंद झाला नाही. डावं दार उघडून मोटरचा प्लग काढला. तिथे नुसता मीटर लावला तर तो बारा व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. वायरीची एक तार जरी शिल्लक असली तरी मीटर खूश असतो, कारण तो स्वतः काहीच खात नाही. म्हणून मोटरच्या जागी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब जोडला. तो विडीच्या टोकासारखा लालसर झाला आणि तिथेच थांबला. बल्बवर जेमतेम चार व्होल्ट. बॅटरीवर साडेबारा. साडेआठ व्होल्ट वाटेत कोणीतरी खाल्ले होते.

इथे बऱ्याच जणांची वाट चुकते. डाव्या काचेची वीज थेट डाव्या दारात जात नाही. या गाडीत ती आधी ड्रायव्हरच्या दारातल्या मेन स्विचमधून जाते आणि मग डावीकडच्या स्विचला येते. म्हणजे डाव्या काचेचं दुखणं उजव्या दारात असू शकतं. तसंच निघालं. मेन स्विचमध्ये साडेपाच व्होल्ट हरवत होते. उघडला तर आतले कॉन्टॅक्ट काळेहिरवे. समुद्रापासून काही किलोमीटरवर चौदा-पंधरा वर्षं राहिल्यावर तांब्याचं असंच होतं. उरलेले तीन व्होल्ट बिजागरीजवळच्या रबरी नळीत सापडले. ड्रायव्हरचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं, प्रत्येक वेळी नळीतल्या वायरी वाकतात. तिथे एका वायरीच्या तारा तुटून नुसत्या एकमेकींना टेकून होत्या. दार अर्धं उघडलं की बल्ब थोडा उजळायचा, लावलं की मलूल. साहेब खाली वाकून हे बघत राहिले. "पंद्रह साल इधर से ही खाता रहा?" त्यांनी वायरीला विचारलं.

वायर जोडताना एक पथ्य पाळावं. सोल्डर केलेला जोड कडक होतो, आणि वाकायच्या जागी ठेवला तर तिथेच पुन्हा तुटतो. म्हणून नळीतला तुकडा अख्खा काढून टाकला, त्या जागी लवचिक बारीक तारांची नवी वायर ओढली आणि जोड दाराच्या आत आणि डॅशबोर्डच्या खाली, मागेपुढे ठेवून घेतले, वर श्रिंक स्लीव्ह. शेजारच्या दोन वायरींचंही आवरण तडकलं होतं, त्याही बदलल्या. कॉन्टॅक्ट साफ केले, पण अशा स्विचचा भरवसा धरायचा नाही. एकदा खड्डा पडलेला कॉन्टॅक्ट पुन्हा जळतो. पुढच्या डाव्या काचेला दोन रिले टाकले, पाच पिनांचे. विश्रांतीत मोटरची दोन्ही टोकं रिलेमधून अर्थला लागलेली राहतात. बटण दाबलं की एक टोक फ्यूजमधून आलेल्या जाड वायरीला जोडलं जातं. आता मोटरचा भार रिले उचलतात, स्विच फक्त इशारा करतो. हे लिहायला एक परिच्छेद लागला, करायला अख्खा रविवार आणि अम्मांच्या हातच्या तीन फिल्टर कॉफ्या.

ड्रायव्हरच्या काचेला दिवा चांगला मंद होत होता, म्हणजे वीज ठीक, घर्षण जास्त. खाचेतलं रबर धूळ खाऊन सुकलेलं. कोणीतरी त्यात ग्रीस भरलं होतं, त्यावर धूळ बसून पॉलिश पेपर तयार झाला होता. ग्रीस आणि इंजिन ऑइल इथे घालू नये. धूळ धरतं आणि रबर फुगवतं. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, फडकं, पूर्ण वाळवणं आणि मग सिलिकॉन स्प्रे. आधी हात लावल्याशिवाय वर न येणारी काच पाच-सहा सेकंदांत आली. खर्च म्हणाल तर स्प्रेच्या डब्याचा.

मागच्या डाव्या काचेची मोटर सुखरूप होती, मशीनचा प्लास्टिकचा सरकता तुकडा फुटला होता. त्यासाठी पुदुपेटला गेलो. एग्मोरजवळ, कूवम नदीच्या बाजूला हा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे. मुंबईकरांनी कुर्ल्याचा सीएसटी रोड आठवावा. दारं एकीकडे, हेडलाइट दुसरीकडे, इंजिनं फुटपाथवर. तमिळमध्ये काच, आरसा आणि चष्मा या तिन्हींना कण्णाडी म्हणतात, त्यामुळे पहिल्या दुकानात मला साइड मिरर दाखवण्यात आला. तुटकी मशीन पिशवीतून बाहेर काढल्यावर प्रश्नच मिटला. जुना भाग सोबत न्यावाच. डावी-उजवी मशीन आरशातल्यासारखी उलटी असते आणि कागदावर लिहिलेलं नाव दुकानागणिक बदलतं. दुकानदाराने बॅटरी लावून काढलेल्या मशीनची केबल वर-खाली करून दाखवली, मगच पैसे दिले. बसवताना काच वर नेऊन चौकटीवरून चिकटपट्टीने बांधून ठेवली, नाहीतर ती खाली पडून फुटते.

दार उघडलंच आहे तर दोन कामं लगे हाथ करावीत. डोअर पॅडच्या मागे प्लास्टिकचा पडदा असतो. गॅरेजची पोरं तो फाडतात आणि परत लावत नाहीत, मग काचेवरून दारात उतरलेलं पाणी आत पायाशी येतं. साहेबांच्या दोन दारांना तो नव्हताच. जाड प्लास्टिक कापून चिकटवलं. दाराच्या तळाला पाणी जायला भोकं असतात, ती सायकलच्या स्पोकने मोकळी केली. डाव्या दारातून पेलाभर गढूळ पाणी निघालं. मोटर त्याच पाण्याच्या वाफेत बसून होती.

या काचांच्या मागे मी एवढा का लागलो, त्याला मळमळीशिवाय आणखी एक कारण आहे. इथे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्याला सबवे म्हणतात, मिलन सबवेसारखाच. टी. नगर आणि वेस्ट मांबलमच्या मधला दुरैसामी सबवे पावसाळ्यात बातमीत येतोच येतो. अशा पाण्यात गाडी बंद पडली आणि बाहेर पाणी चढलं की त्याच्या दाबाने दार उघडत नाही. तेव्हा पट्टा सोडायचा आणि लगेच काच खाली करून बाहेर पडायचं; पाणी काचेपर्यंत यायची वाट बघायची नाही. काच मेलेली असेल तर शेजारी बसलेली, दोन तासांपूर्वी मशीनवरून उठलेली बाई कुठून बाहेर पडणार? म्हणून हँडब्रेकजवळ काच फोडायची छोटी हातोडी बसवली. बाजूची काच कोपऱ्यात मारल्यावर चुरा होते, पुढची होत नाही, ती दोन थरांची चिकटवलेली असते.

साहेब म्हणाले, "काच चालू झाली, आता हातोडी कशाला?" मी म्हटलं, "साहब, बिजली पानी में कितनी देर चलेगी, लिखके कौन देगा?" त्यांनी हातोडी काढून हातात तोलली आणि परत लावली. मग अम्मांना तमिळमध्ये काहीतरी समजावलं. अम्मांनी हातोडी धरून पाहिली, काचेचा कोपरा बोटाने दाखवला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

एक इशारा मी जाताना दिला. जुन्या गाडीच्या काचेला बोट अडकल्यावर मागे फिरायची अक्कल नसते, आणि आता रिलेमुळे अम्मांच्या बाजूची काच पूर्वीपेक्षा जोरात वर जाते. नातू आले की आधी हात आत, मग बटण.

पहिल्या मंगळवारी पाऊस नव्हता. संध्याकाळी साहेबांचा फोन आला. अम्मांनी घरापर्यंत काच सहा वेळा वर-खाली केली म्हणे. सहाव्या वेळी साहेबांनी विचारलं, मळमळतंय का? त्या म्हणाल्या, नाही, बघतेय.

मागच्या उजव्या काचेला मी हात लावलेला नाही. तिच्या दाराची भोकं तेवढी पुढच्या रविवारी मोकळी करायची आहेत.