शिंपल्याची जोडी

शिंपल्यांना आमच्या घरात दोनच जागा: आधी पातेल्यात, मग उकिरड्यावर. बोरिवलीच्या बाजारात कोळिणीकडून तिसऱ्या घ्याव्यात, रस्सा भुरकावा आणि टरफले फेकून द्यावीत, यापलीकडे माझी त्यांच्याशी ओळख नव्हती. ती करून दिली उतामारो या जपानी चित्रकाराने.

१७८९ च्या सुमारास त्याचे एक पुस्तक निघाले. नावाचा अर्थ ‘ओहोटीची भेट’. त्यात ३६ विनोदी कविता आणि शिंपल्यांची चित्रे. त्यांच्या छापील प्रतिकृती नुकत्याच माझ्या पाहण्यात आल्या. चित्रे लाकडी ठशांची. एकाने रेखाटायचे, दुसऱ्याने लाकडात कोरायचे, तिसऱ्याने छापायचे. शिवाय रंगागणिक ठसा वेगळा! शिंपल्याची ओलसर झळाळी उतरावी म्हणून अभ्रकाची पूडसुद्धा वापरलेली. आपण जे उकिरड्यावर टाकतो, त्याचे केवढे हे कौतुक!

शेवटच्या चित्रात बायका शिंपल्यांचा खेळ मांडून बसल्या आहेत. शिंपल्याचे अर्धे भाग पालथे मांडायचे आणि हातातल्या अर्ध्याचा जोडीदार त्यांतून हुडकायचा. पुऱ्या संचात ३६० जोड्या असत. थोरामोठ्यांच्या मुलींना हा संच लग्नात देत. कारण शिंपल्याला त्याचाच अर्धा भाग बसतो, परका बसत नाही.

इथे मात्र मी अडखळलो. तुळशीचे लग्न लागले की आमच्या थोरलीचे लग्न. मुलाला आम्ही पाहिले ते तीनदा, तेही चहाच्या कपाआडून!

पडताळा पाहावा म्हणून रविवारी धुतलेली टरफले ताटात घेऊन बसलो. खरेच, एकाचे दुसऱ्याला लागेना. कुठेतरी कड अडेच. माझा चेहरा पाहून सौभाग्यवतींनी काय झाले ते विचारले. मी सांगितले.

“अहो, ते दोन्ही भाग एकाच तिसरीचे. जन्मापासून जुळलेले. त्यात नवल कसलं? माणसं वेगवेगळ्या पाण्यातली. तुमची-माझी कड बसायला बावीस वर्षं लागली, आणि एक कोपरा अजून खुपतोच.”

कोणता, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. काही न बोलता तिने ताटातले दोन शिंपले उचलले आणि आपल्या पेटीत ठेवले. ते एकमेकांचे नव्हते.