पटाची जोडी डवऱ्याला

तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पुकारा व्हायचा तो बाबांच्या नावाचा, गावासकट. छकड्यावर उभा असायचा मामा. धुरकऱ्याचं नाव आमच्या वेळी भोंग्यावरून कोणी घेत नसे. मोटारींच्या शर्यतीत निदान चालवणाऱ्याचा फोटो तरी छापून येतो.

मामा नात्याचा नव्हे, आमचा सालदार. साल पाडव्याला ठरायचं. आमचं घर दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी खारट, पीक पावसावर, आणि शौक पटाच्या जोडीचा. घरात वरण पातळ, गोठ्यात सरकी अन् ढेप. मेटॅडोरमध्ये बैल चढवले की मामा त्यांच्या मधोमध बसून तळेगावापर्यंत जायचा. आरीची तुतारी त्यानंही बैलांना टोचली आहे, मी पाहिलंय. बंदी काही उगीच आली नाही.

7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या आणि पटाच्या जोडीला साध्या बैलांचाही भाव येईना. मला तेव्हाच अमरावतीला इंजिनिअरिंगला जायचं होतं.

"इकू नोका मालक," मामा म्हणाला, "मले यंदा अर्धंच साल द्या."

असं तो चार पाडवे म्हणाला आणि आम्ही ते चारही वेळा मान्य केलं. लाज वाटली ती मला नोकरी लागल्यावर.

जोडी डवऱ्याला जुंपली त्या दिवशी कपाशीची तीन तासं उपटून बैल थेट धुऱ्यावर. पळण्याखेरीज त्यांना येत काय होतं? मग मामानं डवरा बाबांच्या हाती दिला, स्वतः बैलांपुढे आला आणि दोन्ही कासरे तोंडाशी धरून उलटा चालू लागला. "हळू रे बाप्पा, हळू." टाचेनं ढेकळं चाचपत, संध्याकाळपर्यंत.

16 डिसेंबर 2021 ला कोर्टानं अटींवर परवानगी दिली. तोवर एक बैल गेला होता, दुसरा म्हातारा. तळेगावला आम्ही नुसते बघायला गेलो. सेकंदाच्या तुकड्यांवर नंबर लागत होते. मामाचं लक्ष मात्र बैलांच्या खांद्यांवर. "उजवा दबते," तो पुटपुटायचा.

परतताना मी पाकीट पुढे केलं.

"पैसे ऱ्हाऊ दे. म्हाताऱ्या बैलासाठी ढेपेचं पोतं आन."

अकोल्याहून आणलं. मामानं एक खडा फोडला, हुंगला, परत पोत्यात टाकला.

"जुनी हाय, बाबू. वापस कर."