जत्रेच्या रात्रीचे गाणे

दशावतारी नाटकातले गाणे हा सिंधुदुर्गाच्या जत्रेचा प्राण आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचा हंगाम लागतो आणि पुढचे कित्येक महिने कुडाळ, कणकवली, मालवणच्या गावोगावी देवळापुढे रात्रभर दशावतार उभा राहतो. मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो ते कसाल या टापूच्या ऐन मधे आहे. इथे वाढलेल्या माणसाच्या कानावर आपल्या गावचीच नव्हे, तर चहूकडच्या जत्रांतली गाणी लहानपणापासून पडत राहतात.

जत्रेत अनेक तऱ्हेचे संगीत एका रात्रीत ऐकायला मिळते. आधी भजन, मग ढोल-ताशांच्या गजरात देवाच्या पालखीची प्रदक्षिणा, आणि ती आटोपली की धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज एवढेच. रंगमंचावर बहुधा एक बाकडे. तेच सिंहासन, तेच अरण्य. नाटकाची लिखित संहिता नसते. आख्यान कोणते ते ठरते, कोणी कोणता पार्ट करायचा ते ठरते. संवाद जागेवर सुचतात. म्हणून पेटीवाल्याला नटाच्या बोलण्याचा रोख ओळखून पदाचा सूर आधीच धरून ठेवावा लागतो. या पदांत नाट्यसंगीताच्या चाली आहेत, अभंग आहेत, भजनी ठेका आहे. तेच आख्यान दुसऱ्या गावात वेगळे रंगते ते याच मोकळेपणामुळे, आणि म्हणूनच विशिष्ट जत्रेतला विशिष्ट प्रवेश माणसे वर्षानुवर्षे सांगत राहतात.

सुरुवात आडदशावताराने, म्हणजे पूर्वरंगाने होते. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, आणि वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर येतो. मुलांसाठी दशावतार म्हणजे संकासुर. बाकीची पात्रे ग्रंथातली मराठी बोलतात, हा मात्र थेट मालवणीत बोलतो आणि पुढ्यातल्या घोळक्याला हसवतो. त्याचा वध होईपर्यंत जागे राहायचे आणि मग आईच्या मांडीवर झोपून जायचे, हा इथल्या बालपणाचा परिपाठ. थोडे वय वाढले की युद्धाचे वेड लागते. तलवारी, गिरक्या आणि नटांच्या पावलांना ठेका देणारा मृदंग. मृदंगवादकाचा हात चालू लागला की दोन नटांचे युद्ध खरे तर त्या तिघांचे होते. हरिश्चंद्र-तारामतीच्या विलापातले पद कळायला मात्र प्रपंच सुरू व्हावा लागतो. स्त्रीपार्ट करणारा पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी बायकांचे डोळे भरून येतात. उतारवयात रसिक पहाटेच्या पदांसाठी बसून राहतो आणि आजच्या गळ्याची जुन्या गळ्यांशी तुलना करतो. ही तुलना कधी अन्यायाची असते, पण गायकाला जागे ठेवते तीच.

नेरूरच्या कलेश्वर दशावतारी नाट्यमंडळाचे सुधीर कलिंगण हे या तुलनेत हमखास निघणारे नाव. वडील बाबी कलिंगण यांच्याकडून आलेला वारसा त्यांनी चालवला आणि लोकांनी त्यांना ‘लोकराजा’ म्हटले. डिसेंबर 2021 मध्ये ते गेले. अलीकडे वेगवेगळ्या दशावतारी कंपन्यांतले नामांकित कलाकार एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ आणि चमत्काराची दृश्ये दाखवणारे ट्रिकसीनचे प्रयोगही गर्दी खेचतात. ट्रिकसीनने डोळे दिपतात. त्यापायी पदांना कात्री लागते तेव्हा मात्र नुकसान मोठे असते. 2025 साली आलेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ चित्रपटाने ही कला दूरच्या प्रेक्षकापर्यंत नेली, ही समाधानाची गोष्ट. पण पडद्यावरचा नट समोरच्या माणसांकडे बघून पद लांबवू शकत नाही.

पूर्वरंग बघून मध्यरात्रीनंतर परत फिरणारे आता वाढले आहेत. कसालच्या बाजूला जत्रेला येणाऱ्याने एकदा तरी खेळाच्या शेवटी दहीहंडी फुटेपर्यंत बसावे, आणि शेवटच्या पदानंतर मृदंगवादकाला व पेटीवाल्याला भेटून दाद द्यावी.