डोळ्याखालचा तीळ

नवरा गरोदर बायकोला समुद्रात बुडवतो, ती वाचते, डोळ्याखाली एक काळा तीळ लावून परत येते आणि नवऱ्याला ती ओळखूच येत नाही. एवढ्यावर थांबत नाही, पठ्ठ्या तिच्या प्रेमात पडून तिच्याशी पुन्हा लग्न करतो! ‘खून भरी मांग’मध्ये रेखाने निदान प्लास्टिक सर्जरी तरी करून घेतली होती. इथे नुसता तीळ.

ही गोष्ट सांगणारी ‘टेम्प्टेशन ऑफ वाइफ’ 2008 च्या नोव्हेंबरात कोरियातल्या एसबीएस वाहिनीवर सुरू झाली. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी, एकूण 129 भाग. लेखिका किम सुन-ओक. त्या तिळाची तिथे भरपूर टिंगल झाली, विनोदी कार्यक्रमांत नकला झाल्या, आणि तरीही घरोघरी मालिका चालूच राहिली. आपल्याकडे दूरदर्शनने 2006 च्या सुमारास राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची कोरियन मालिका दाखवली होती. पण ही सूडकथा आमच्यापर्यंत आली ती इंटरनेटवरून, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत, कुणा हौशी माणसाने केलेल्या मोडक्या इंग्रजी सबटायटलांसह. तुकडा नेमका शिन ए-रीच्या किंकाळीवर संपायचा आणि पुढचा लोड होईपर्यंत चहा उकळून व्हायचा.

ए-री म्हणजे नायिकेची जिवलग मैत्रीण. तिच्याच घरात बहिणीसारखी वाढलेली, आणि तिचाच नवरा पळवणारी. किम सो-ह्यंगने ही बाई अशी काही उभी केली की नायिकेपेक्षा तिचीच वाट बघावी. डोळे गरागरा, आवाज टिपेला, रागाने नुसती थरथर. तिला झोप नव्हती. कपटाची किंमत ती रोज चेहऱ्यावर मोजताना दिसायची. आजच्या चकचकीत मालिकांत असली घाम फुटलेली खलनायिका मला फारशी सापडत नाही.

तिळाची कल्पना हास्यास्पद असली तरी नवीन नव्हती. कोरियन सूडकथेतली बाई मरूनच परत येते, ही तिथली जुनी रीत. मिर्यांग गावच्या आरांगची दंतकथा घ्या. अधिकाऱ्याची ही मुलगी अब्रू वाचवताना मारली जाते. त्यानंतर गावात येणारा प्रत्येक नवा न्यायाधिकारी पहिल्याच रात्री तिचं भूत बघून दचकून मरतो. शेवटी एक धीट निघतो, तिचं ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी ती फुलपाखरू होऊन खुन्याच्या टोपीवर बसते आणि तो पकडला जातो. केबीएस वाहिनीवर 1977 पासून चाललेल्या ‘होमटाउन ऑफ लेजंड्स’ने अशा पांढऱ्या कपड्यांतल्या, केस मोकळे सोडलेल्या बायका घराघरांत नेल्या. गंमत बघा, मेल्यावरसुद्धा आरांग स्वतः कुणाला शिक्षा करत नाही. ती अर्ज घेऊन सरकार दरबारी जाते.

तीळवाली गू उन-जे अर्ज करत नाही. 1 जानेवारी 2008 ला कोरियातली ‘होजू’ पद्धत संपली. त्याआधी कुटुंबाचा कायदेशीर प्रमुख पुरुष, आणि लग्न झालं की बायकोची नोंद नवऱ्याच्या घराण्याच्या दप्तरात. त्याच वर्षाच्या अखेरीस ही सून सासरच्या घरात दुसऱ्या नावाने शिरते आणि घर आतून पोखरते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. व्यभिचार मात्र तेव्हाही फौजदारी गुन्हा होता, दोन वर्षांपर्यंत कैद. घटनात्मक न्यायालयाने ते कलम फेब्रुवारी 2015 मध्ये रद्द केलं. पोलिसांत जायचा रस्ता बंद झाला, मग 2020 च्या ‘द वर्ल्ड ऑफ द मॅरीड’मधली डॉक्टरीण नवऱ्याच्या मफलरवरच्या एका केसापासून सुरुवात करते आणि पैशाचे हिशेब काढत बसते.

आणि मग आली ‘द ग्लोरी’. 30 डिसेंबर 2022 ला नेटफ्लिक्सवर पहिला भागसंच, उरलेला पुढच्या मार्चमध्ये. इथे नवरा नाही, सासू नाही. शाळेच्या जिममध्ये श्रीमंतांची पोरं मून दोंग-उनच्या अंगावर केस कुरळे करायच्या तापत्या यंत्राचे चटके देतात, आणि शाळा काणाडोळा करते. ती शाळा सोडते, कारखान्यात राबते, शिकते, आणि त्या टोळीच्या म्होरक्या पार्क योन-जिनच्या मुलीची वर्गशिक्षिका होऊन तिच्यासमोर उभी राहते. योन-जिनच्या नवऱ्यापर्यंत पोचायला ती बादुक हा पटावरचा खेळ शिकते. दोंग-उन झालेली सोंग हे-क्यो अख्ख्या मालिकेत क्वचितच आवाज चढवते.

पण मला त्यात आवडली ती कांग ह्यन-नाम. नवऱ्याचा मार खाणारी, धुणंभांडी करणारी बाई. दोंग-उन तिला हेर म्हणून नेमते, तेव्हा ती गाडी चालवायला शिकते, फोटो काढायला शिकते, आणि चक्क मजा करू लागते. मार खाते म्हणून मी हसायचंच नाही की काय, असा तिचा रोख असतो. योम हे-रानने हे जे केलंय ते बघताना हसू आणि हुंदका एकदमच येतो. 2008 च्या मालिकेत अशी बाई फार तर दार उघडायला आली असती.

2024 ची ‘मॅरी माय हजबंड’ तर सरळ तिळाच्याच घराण्यातली. तोच नवरा, तीच मैत्रीण, तोच घात. कर्करोगाने खंगलेल्या कांग जी-वोनला नवरा मारतो आणि ती डोळे उघडते ती दहा वर्षं मागे, 2013 मध्ये. यावेळी ती मैत्रिणीचंच त्या नवऱ्याशी लग्न लावून देते! शिक्षेची याहून चोख कल्पना मला तरी सुचत नाही. 16 भागांत कारभार आटोपतो. म्हणजे इथेही बाईला आधी मरावंच लागलं. फुलपाखरू, तीळ, कालप्रवास, साधनं तेवढी बदलली.

लिखाण, छायाचित्रण, अभिनय, सगळ्यांतच नव्या मालिका उजव्या. तरी 129 भागांच्या त्या गावठी पसाऱ्यात एक गोष्ट होती जी सोळा भागांत मावत नाही: सूड रोज थोडा थोडा उकळायचा आणि आपण उद्यापर्यंत तळमळायचो. आता रात्रभर जागून सगळे भाग संपवले की सकाळी सगळं विसरलेलं. तेव्हा ‘द ग्लोरी’ अजून पाहिली नसेल तर जरूर पाहा, पण रोज एकच भाग. आणि बघताना ह्यन-नामकडे लक्ष ठेवा.