उतरत्या छपराखालची न्हाणी

वसईतील आमच्या जुन्या घराच्या मागल्या पडवीवर मंगलोरी कौलांचे छप्पर आहे. घराच्या भिंतीशी त्याची उंची साडेआठ फूट, तर बाहेरच्या कडेला जेमतेम साडेपाच. अंगणापलीकडच्या न्हाणीकडे जाताना ऐन पावसाळ्यात आई पाय घसरून पडली, तेव्हा ह्याच पडवीत तिच्यासाठी न्हाणीघर करावयाचे आम्ही भावंडांनी ठरविले.

गवंडी म्हणाला, "छप्पर उतरवा, स्लॅब टाका." आम्हांलाही ते पटले, सखल बाजूस आमचे डोके वाशांना लागत होते. आई मात्र शांतपणे म्हणाली, "अरे, तिथे अंघोळ मला करायची ना? मग माप माझे घ्या."

आम्ही ओशाळलो. आईची उंची पावणेपाच फूट. शिवाय गुडघ्यांमुळे ती बसूनच अंघोळ करते. मग आराखडा सोपा झाला. उंच बाजूस दार, कमोड आणि तिला हात देणाऱ्यास उभे राहण्यापुरती जागा. सखल बाजूस बसावयाचा कट्टा, हाताशी नळ व भिंतीत आधाराची दांडी. लादी खरखरीत, तिचा उतार मोरीकडे. वाफ वर चढते, म्हणून बाजूच्या भिंतीत उंचावर झरोका ठेवला. चार कौलांच्या जागी काचेची कौले बसविली.

आता अंघोळीच्या वेळी तेथून ऊन आईच्या पाठीवर उतरते. न्हाणी धुवावयास गेलो की वासा आमच्या कपाळी हमखास बसतो. "जरा वाकायला शिका," आई हसून म्हणते. आम्ही शिकत आहोत.