सात रांजणांचं काय झालं?

वाल्या कोळ्याच्या गोष्टीत मला वाल्मीकीपेक्षा ते सात रांजण जास्त खुपत आले आहेत. एक माणूस मारला की एक खडा. असे सात भरले. मग नारद भेटले, जप सुरू झाला, अंगावर वारूळ चढलं आणि आतून ऋषी बाहेर आला. गोष्ट सांगणारे इथे समाधानाने थांबतात. रांजणांकडे कुणी पुन्हा वळून पाहत नाही. त्यातला एकेक खडा कुणाचा तरी बाप होता, कुणाचा तरी लेक होता. जपाने तो विरघळतो का?

तुरुंगातलं ज्ञानदान म्हटलं की आपल्याला धुळं आठवतं. १९३२ साल, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. त्यातून ‘गीता प्रवचने’ आकाराला आली. पण ती माणसं स्वच्छ हातांनी आत गेली होती. त्यांचा तुरुंग हे त्यांचं व्रतच होतं. ज्याच्या हाताला रक्त लागलं आहे, त्याने कुणाला कोणत्या तोंडाने काय सांगावं?

या प्रश्नाचं एक उत्तर अठ्ठावीस वर्षांनी विनोबांच्याच वाटेवर आलं. चंबळचा दरोडेखोर मानसिंह, त्याचा मुलगा तहसीलदार सिंह नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. तिथून त्याने विनोबांना पत्र लिहिलं, भेट मागितली. १९६० च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, विनोबा भिंड-मुरैना भागात पायी फिरले. मेजर जनरल यदुनाथ सिंह बागींशी, म्हणजे तिथल्या दरोडेखोरांशी, बोलणी करत होते. लोकमन दीक्षित, ज्याला सारा मुलूख लुक्का म्हणून ओळखायचा, त्याने आणि इतर काही बागींनी बंदुका खाली ठेवल्या. शरण आले म्हणून खटले सुटले नाहीत. तहसीलदार सिंहाची फाशी टळली, तिच्या जागी जन्मठेप आली.

मला खरी ओढ वाटते ती पुढच्या भागाची. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांनी चंबळच्या टोळ्यांना शरण आणायचं मनावर घेतलं, तेव्हा बीहडात, म्हणजे चंबळच्या घळींत, निरोप घेऊन जाणाऱ्यांत हेच दोघे होते, तहसीलदार सिंह आणि लोकमन. पोलिसांनी सांगितलं असतं तर तो सापळा वाटला असता. साधूने सांगितलं असतं तर ‘तुमचं काय जातं बोलायला’ असं ऐकावं लागलं असतं. या दोघांना तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. फाशीची कोठडी एकाने आतून पाहिली होती, बीहडातली रात्र दोघांनीही. त्या एप्रिलमध्ये जौऱ्याला माधोसिंह, मोहरसिंह यांच्यासारख्यांनी गांधीजींच्या तसबिरीपुढे शस्त्रं ठेवली.

एकट्याचा पश्चात्ताप घाण्याच्या बैलासारखा असतो. माझं पाप, माझी शिक्षा, माझी सुटका. फेरे पुष्कळ, मजल काहीच नाही. आणि जन्मठेपेच्या कैद्याला तर हे फेरे कधी संपतील तेही ठाऊक नसतं. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, असं बाहेर सगळे धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगून ठेवलं आहे की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. त्यात सूट द्यायची की नाही, हे सरकारच्या हातात. ज्याला सुटकेचा दिवस ठाऊक नाही, त्याने दिवस तरी कशाच्या आशेवर मोजायचे? अशा वेळी शेजारच्या बराकीत नवा पोरगा येतो. डोळ्यांत तीच आग, तोंडात बदल्याचीच भाषा. त्याच्याशी दोन शब्द बोलताना म्हाताऱ्या कैद्याची नजर पहिल्यांदा स्वतःवरून हलते. आपले खडे आता कमी होणार नाहीत, हे तो जाणतो. या पोराचा रांजण भरू नये, एवढं मात्र त्याला करता येतं. आणि ते ऋषीपेक्षा त्यालाच जास्त जमतं.

तरीही ज्या घरांतली माणसं गेली, त्या घरांनी अशा कैद्यांना क्षमा करावी, असं मला म्हणवत नाही. तो हक्क माझा नाही, आणि बदललेल्या कैद्याचाही नाही. क्षमा मिळेल की नाही, हे दुसऱ्याच्या मर्जीवर असतं. कुणाच्या उपयोगी पडायला मात्र कुणाची मर्जी लागत नाही. बराकीचं कुलूप निघालं की रोज सकाळी त्याला ते नव्याने सुरू करता येतं.