मंगळवारचं चंद्रपूर

ताडोबा ट्रिपचा हिशेब ठरलेला असतो. नागपूरला उतरायचं, तिथून थेट रिसॉर्ट, दोन-तीन सफाऱ्या, वाघ दिसला तर त्याचा फोटो, नाही दिसला तर माकडांचा... आणि परत! या सगळ्यात चंद्रपूर शहर येतं कुठे? गाडीच्या काचेतून. ‘तो चिमण्यांचा एरिया’ म्हणून.

आमच्या डिसेंबरच्या सुट्टीचा शेवटचा दिवस मंगळवारी आला आणि मंगळवारी ताडोबाच्या कोअर एरियात सफारी नसते. फ्लाइट नागपूरहून रात्रीची. आदल्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यात मार्कंडा पाहून झालं होतं (वैनगंगेच्या काठावरची ती कोरीव मंदिरं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथे जा, एवढंच सांगते). ग्रुपमधल्या दोघांनी पूलशेजारी लोळायचं ठरवलं. मी मात्र मैत्रिणीबरोबर शहरात निघाले. ती मूळची चंद्रपूरची, नोकरीला पुण्यात, नाव छापायचं नाही अशी तिची अट. तिच्यासाठी हा दिवस ‘साइटसीइंग’चा नव्हता. पठाणपुऱ्याच्या बाजूचं, परकोटाच्या आतलं तिचं घर आईबाबांनी विकलंय. बाबांना दमा आहे आणि हिवाळ्यात तो फार बळावतो. फेब्रुवारीत ताबा द्यायचा, मग दोघंही पुण्याला. त्यामुळे या घरातली ही तिची शेवटची सुट्टी होती.

सकाळी आठला रिक्षा. चंद्रपूरची थंडी पुण्यासारखी गुलाबी वगैरे नसते, ती सरळ हाडात शिरते.

‘‘कुठं जाऊन राह्यले जी?’’ रिक्षावाल्या काकांनी विचारलं.

‘‘किल्ला पाहायला.’’

‘‘किल्ला? ताडोबा नाई पाह्यलं का?’’

काकांचं चुकलं नाही. चंद्रपूरचा किल्ला डोंगरावर नाही. तो शहराभोवती आहे, आणि तुम्ही त्याच्या आतच असता. कित्येक किलोमीटरची दगडी तटबंदी, इथल्या भाषेत परकोट. चार दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या. खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे. त्यांची नावं ऐका : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण! चोर खिडकीतून कोण यायचं, मसण खिडकीतून कोण जायचं, वेगळं सांगायला नको.

दरवाज्यांवर दोन्ही बाजूंना एक शिल्प दिसतं. हत्तीवर स्वार झालेला सिंह. हे गोंड राजांचं राजचिन्ह. आपल्या शाळेच्या पुस्तकात यादव, बहामनी, शिवाजी महाराज, पेशवे असा प्रवास होता. गोंडांचं राज्य त्यात कुठे होतं, मला तरी आठवत नाही. चांद्याला त्यांची राजधानी होती आणि ते राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. पुढे इंग्रज आले, जिल्ह्याचं नाव ‘चांदा’च राहिलं. ‘चंद्रपूर’ झालं ते १९६४ मध्ये, आणि त्यातून गडचिरोली वेगळा निघाला १९८२ मध्ये.

शहर इथेच का, याची दंतकथा मैत्रिणीच्या बाबांनी पोहे खाता खाता सांगितली. खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगावर गळवं झालेली. बल्लारपूरहून शिकारीला निघालेला राजा इथे झरपट नदीपाशी पाणी प्यायला आणि बरा झाला. मग त्याला दिसलं की एक ससा चक्क कुत्र्याच्या मागे लागलाय. ससा कुत्र्याच्या मागे! राणी म्हणाली, ही जागा साधी नाही, इथे शहर वसवा. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर परकोट उभा राहिला. ‘‘म्हणून तर एवढा वेडावाकडा आहे,’’ बाबा म्हणाले आणि खोकल्याची उबळ येईपर्यंत हसले.

पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री होती. वरून सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर हां, इडलीबरोबरचं नाही!

बगड खिडकीपाशी आम्ही परकोटावर चढलो. काही वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं, तटावर झाडंझुडपं आणि खाली कचरा. २०१७ मध्ये ‘इको-प्रो’ या इथल्याच संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी फावडी-कोयते घेऊन बुरूज साफ करायला सुरुवात केली आणि ते महिनोन्‌महिने करत राहिले. पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही त्याच वर्षी त्याचा उल्लेख झाला. हेरिटेज वॉक वगैरे नंतर आलं, आधी घाम आला.

वरून काय दिसतं? आतल्या बाजूला कौलं, गच्च्या, वाळत घातलेले कपडे, पतंग. बाहेरच्या बाजूला झाडी. आणि दूर क्षितिजावर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. २,९२० मेगावॉट. तुमच्या-माझ्या ऑफिसातल्या एसीमध्ये यातली थोडी वीज नक्की असणार. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर सर्वाधिक प्रदूषितांमध्ये चौथं होतं. मैत्रीण तेव्हा शाळेत होती. ‘‘आम्हाला ते जीकेच्या प्रश्नासारखं पाठ होतं,’’ ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

दुब्रोव्निकला म्हणे लोक दोन किलोमीटरच्या भिंतीवर चालायला रीतसर तिकीट काढतात. इटलीत लुक्का आहे, तिथले लोक संध्याकाळी शहराच्या तटावर सायकली फिरवतात. आपल्याकडे असं अख्खं तटबंद शहर आहे आणि इन्स्टाग्रामवर मात्र फक्त जिप्सी! तिकीट लागू नये, असंच मला वाटतं. पण कुणीतरी यावं.

पुढचा स्टॉप अंचलेश्वर. मंदिराशेजारी बीरशाह राजाची समाधी, ती बांधली राणी हिराईने. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशाहचा त्याच्याच पदरी असलेल्या माणसाने खून केला. हिराईने मूल दत्तक घेतलं, गादी सांभाळली आणि नवऱ्यासाठी ही समाधी उभारली. बायकोसाठी बांधलेल्या ताजमहालाला अख्खं जग जातं. नवऱ्यासाठी बांधलेल्या या घुमटाखाली त्या दिवशी आम्ही दोघी आणि अभ्यास करणारी कॉलेजची तीन मुलं होतो. मला हा घुमट ताजपेक्षा जास्त आवडला. कारण विचाराल तर शांतता, आणि ती बाई. महाकालीचं मंदिरही तिनेच बांधलं. चैत्र पौर्णिमेला तिथे मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसांचा लोंढा येतो.

इथून जवळच तुरुंग आहे. राजवाडा होता, त्याचा इंग्रजांनी तुरुंग केला. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबूराव शेडमाके यांना चांद्याच्या याच तुरुंगात फाशी दिली. त्या वर्षी इंग्रजांविरुद्ध जंगलातून लढणारा हा गोंड जमीनदार ऐन पंचविशीत होता. आपण त्या वयात अप्रेझलचं टेन्शन घेत असतो, असो.

दुपारी लालपेठला गेलो. या एका जागेसाठी मी पुन्हा चंद्रपूरला जाईन. मोकळ्या जागेत प्रचंड अखंड शिळांमधून कोरलेल्या मूर्ती आडव्या पडलेल्या आहेत. सर्वांत मोठी दशमुखी दुर्गा २५ फुटांच्या आसपास. लोक तिला रावणही समजतात. रायप्पा नावाच्या वैश्याला मोठं देऊळ बांधायचं होतं, मूर्ती कोरून होत आल्या आणि तो गेला. देऊळ झालंच नाही. मूर्ती उभ्या राहिल्या नाहीत, तशाच आकाशाकडे बघत पडून राहिल्या. मुलं त्यांच्याभोवती क्रिकेट खेळत होती. बॉल दुर्गेच्या हातापाशी अडकला की बॅट्समनला दोन रन, असा नियम!

‘‘आम्हीपण हेच खेळायचो,’’ मैत्रीण म्हणाली, ‘‘पण आमच्यात चार होते.’’

जेवायला परत घरी. वडाभात, कढी, आणि काकूंनी प्रवासासाठी बांधून दिलेली सांबारवडी. घरात निम्म्या भिंतींवर फोटो काढल्याच्या खुणा. बाबा घर घेणाऱ्याबद्दल चांगलं बोलत होते, तो म्हणे माळा तसाच ठेवणार आहे. ‘‘पुण्याची हवा चांगलीये,’’ हे वाक्य ते दुपारभरात चार वेळा बोलले. काकू एकदाही नाही. मैत्रिणीने माळ्यावरून तिची जुनी पतंगाची चक्री शोधून काढली आणि सॅकमध्ये कोंबली. केबिन बॅगेत चालेल का, यावर दोघींची पंधरा मिनिटं चर्चा.

पाचला टॅक्सी आली. बाबा ड्रायव्हरला रस्ता समजावत होते, ‘‘जटपुऱ्यातून नका जाऊ, या वेळी फार जाम असते. बाहेरून घ्या.’’

गाडी कोपऱ्यावर वळली तशी मैत्रीण पुढे वाकली. ‘‘दादा, जटपुऱ्यातूनच घ्या.’’

बाबांचं खरं निघालं. दरवाज्याच्या तोंडाशी दोन बस, एक ऊसाची ट्रॉली, असंख्य स्कूटर, सगळे हॉर्न एकदम. आम्ही जवळजवळ वीस मिनिटं अडकलो. तिने काच खाली केली आणि मान बाहेर काढून वर हत्तीवरच्या सिंहाकडे बघत राहिली. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, ‘‘मॅडम, फ्लाइट कितीची आहे?’’

‘‘आहे वेळ,’’ ती म्हणाली.